किसुमू : दार की बाजार?

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला माझा थोरला भाऊ घरी आला, तेव्हा माझी मुलगी मोबाइलवर किसुमूची दृश्यं बघत बसली होती. केनियाचे माजी पंतप्रधान रायला ओडिंगा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी केरळात उपचार घेत असताना वारले. त्यांचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी किसुमूच्या स्टेडियममध्ये ठेवलं, त्या दिवशी सारं शहर तिकडे लोटलं होतं. व्हिक्टोरिया सरोवराच्या पाण्याचे नमुने तपासण्याच्या कामावर माझी मुलगी त्या शहरात दोन वर्षं राहिली आणि नुकतीच परतली. भावाची सगळी नोकरी रेल्वेच्या रुळांवर गेली. मनमाड-पूर्णा मार्ग मीटरगेज होता, तेव्हापासूनची. त्याने किसुमू पाहिलेलं नाही, पण तिथे जाणाऱ्या रेल्वेबद्दल हाती लागेल ते वाचत आलेला आहे. ओवाळणी झाली, फराळाची ताटं पुढे आली आणि मामा-भाचीची जुंपली ती दिवेलागणीपर्यंत. दोघांचंही म्हणणं मला मोलाचं वाटलं, म्हणून इथे मांडते.

मामा : तुझं किसुमू म्हणजे मोंबासाहून निघालेल्या रेल्वेचं शेवटचं स्टेशन. १८९६ मध्ये काम सुरू झालं आणि डिसेंबर १९०१ मध्ये रूळ सरोवराच्या काठाला टेकले. नऊशे किलोमीटरहून जास्त लांबी. आधी त्सावोचं रान आणि तिथले नरभक्षक सिंह, मग रिफ्ट व्हॅलीचा उतार, मग आठ हजार फुटांवरचा माऊचा डोंगर, आणि तिथून खाली सरोवर. गेज कुठला, तर आपलाच, मीटरगेज. कारण सामान आणि माणसं हिंदुस्थानातून न्यायची होती. प्रेस्टन नावाच्या इंजिनियरच्या बायकोने शेवटची खुंटी ठोकली आणि तिच्या नावावरून ठिकाणाचं नाव पडलं पोर्ट फ्लॉरेन्स. रेल्वे पोहोचली तेव्हा तो भाग युगांडात होता, १९०२ मध्ये तो आजच्या केनियाच्या बाजूला जोडला. रेल्वेने देशाची हद्दसुद्धा हलवली म्हण ना. ती आली नसती तर ते शहर झालंच नसतं.

भाची : मामा, तिथेच माझं तुझ्याशी पटत नाही. पोर्ट फ्लॉरेन्स हे नाव टिकलं किती? थोडी वर्षं. किसुमू टिकलं. तिथले लोक सांगतात, हे नाव देवाणघेवाणीवरून, धान्य मिळवायला जाण्याच्या जागेवरून आलंय. लुओ लोकांनी मासे आणायचे, डोंगराकडच्यांनी धान्य आणि जनावरं. शेकडो वर्षांपूर्वी लुओ नाइलच्या खोऱ्यातून उतरत उतरत या सरोवराशी आले. व्हिक्टोरिया राणीचं नाव आपण घेतो, ते त्याला ‘नाम लोल्वे’ म्हणतात. किसुमू ज्या आखातावर आहे त्याचं नाव विनाम, म्हणजे सरोवराचं डोकं. तुझी रेल्वे त्या डोक्याशी येऊन थांबली. डोकं आधीपासून होतं.

मामा : बाजार चार गावांत भरतात, म्हणून त्यांची शहरं होत नाहीत. शहर होतं ते माल साठायला लागला, दुरुस्तीचे कारखाने उभे राहिले, पगाराची माणसं वस्तीला आली की. ‘विल्यम मॅकिनन’ नावाची आगबोट स्कॉटलंडमध्ये तयार झाली. तिचे सुटे भाग करून आणले, त्यातले कितीतरी माणसांनी डोक्यावरून वाहिले, आणि १९०० मध्ये ती किसुमूला जोडून पाण्यात सोडली. मागोमाग ‘विनिफ्रेड’, ‘सिबिल’, ‘क्लेमंट हिल’. समुद्रापासून इतक्या आत, अकराशे मीटर उंचीवर, विषुववृत्ताच्या जेमतेम खाली जहाजं जोडणारी गोदी! युगांडाचा कापूस बोटीने यायचा आणि इथे वाघिणीत चढायचा. पुढे १९३० च्या दशकात लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाणारी इम्पीरियल एअरवेजची समुद्री विमानं या पाण्यावर उतरत. एका छोट्या गावाला एवढं महत्त्व कशामुळे आलं? ते दार होतं म्हणून.

भाची : दार खरं, पण कुणाच्या घराचं? ज्यांच्या डोक्यावरून बोटीचे भाग आले, त्यांना कुणी विचारलं होतं? झोपडीमागे कर बसवला. तो रोखीत भरायचा, म्हणून लुओ पुरुष रेल्वेत आणि मोंबासाच्या गोदीत मजुरीला गेले आणि शेतं बायकांच्या अंगावर पडली. नांदी लोकांच्या डोंगरातून रूळ आणि तारा गेल्या, त्यांनी दहा वर्षं विरोध केला. १९०५ मध्ये त्यांचा पुढारी कोइतालेल अराप सामोएई याला बोलणी करायला म्हणून बोलावलं आणि गोळी घातली. तुझ्या वाचनात खुंटी ठोकणारी बाई आली, कोइतालेल आला का?

मामा : आला. आणि आपली माणसंही आली. सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून नेले, त्यातले अडीच हजारांच्या आसपास मेले. बरेचसे पंजाबातले होते, आणि कराचीहून बोटीत चढले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, हे आपण विसरतो. काम संपल्यावर साडेसहा हजारांहून जास्त माणसं तिकडेच राहिली. किसुमूजवळ किबोसला हिंदी शेतकऱ्यांची वसाहत झाली. गुजराती दुकानदार आत आत गेले आणि ज्या गावांना कधी मीठ-काडेपेटी मिळत नव्हती, तिथे दुकानं मांडली. १९२० पर्यंत तिथे रुपया चालायचा. ही माणसं कुणाला लुटायला गेली नव्हती. पोट भरायला गेली आणि राबली.

भाची : तेही खरंच आहे. किसुमूच्या मुख्य रस्त्यावर अजून जुन्या हिंदी दुकानांच्या इमारती उभ्या आहेत. गुरुद्वारा आहे, मंदिरं आहेत, मशिदी आहेत. १९६७-६८ च्या कायद्यांनी बिगर-नागरिकांचे परवाने अडले, तेव्हा केनियातली कितीतरी हिंदी कुटुंबं ब्रिटनला गेली. जी राहिली ती आता तिथलीच आहेत. दुकानातले आजोबा गुजरातीइतक्याच सहज लुओ बोलतात. पण त्या रस्त्याचं नाव काय आहे सांगू? ओगिंगा ओडिंगा स्ट्रीट. रायलांचे वडील, स्वतंत्र केनियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष. या शहराला स्वतःचं मन आहे, आणि त्याची किंमतही त्याने मोजली आहे. जुलै १९६९ मध्ये याच सरोवरातल्या रुसिंगा बेटाचा मुलगा, मंत्री टॉम म्बोया याची नैरोबीत हत्या झाली. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जोमो केन्याटा सोव्हिएत मदतीने बांधलेल्या रुग्णालयाच्या उद्घाटनाला किसुमूत आले. जमाव आणि अध्यक्ष यांच्यात शब्दाला शब्द वाढला, गोळीबार झाला, माणसं मेली. ओगिंगांच्या विरोधी पक्षावर बंदी आली, ते तुरुंगात गेले. ते रुग्णालय लोक अजून ‘रशिया’ म्हणून ओळखतात.

मामा : मग तूच माझा मुद्दा पुढे नेलास. शहराकडे पाठ फिरवली की काय होतं, ते किसुमूने सोसलं. विसाच्या दशकात मुख्य मार्ग नाकुरूहून एल्डोरेटकडे वळवला आणि १९३१ मध्ये रेल्वे थेट कंपालाला पोहोचली. किसुमू एका दिवसात शेवटच्या स्टेशनावरून फाट्यावर आलं. तरी १९६६ मध्ये ‘उहुरू’ आणि ‘उमोजा’ या बोटी आल्या, आख्खे मालडबे पोटात घेऊन पलीकडे नेणाऱ्या. रूळ बोटीवर, बोट पाण्यावर, पलीकडे पुन्हा रूळ! मग १९७७ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या तीन देशांची संघटना मोडली, रेल्वे आणि बोटी वाटून घेतल्या, धंदा बसला. कापडगिरणी बंद पडली. २०१२ मध्ये नैरोबीची प्रवासी गाडीही थांबली. मीही एका मार्गावरच्या गाड्या कमी होताना पाहिल्यात. आधी हमाल जातात, मग चहावाला जातो, मग शाळेतली पोरं कमी होतात.

भाची : तू म्हणतोस ते मी तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलंय, अगदी याच क्रमाने.

मामा : म्हणून मला आताच्या बातम्यांनी बरं वाटतं. २०१९ च्या अखेरीस ‘उहुरू’ पुन्हा युगांडाच्या पोर्ट बेलला जायला लागली. २०२१ मध्ये नैरोबीची प्रवासी गाडी पुन्हा आली. ‘उहुरू दोन’ तर किसुमूच्याच गोदीत बांधली, त्याच पाण्यावर जिथे मॅकिनन जोडली होती. युगांडाला तेल न्यायला जेट्टी झाली. हेच करायला हवं. माल चालू करा, शहर आपोआप उठेल.

भाची : आपोआप काही उठत नाही, मामा. जेट्टी २०१८ मध्ये बांधून झाली आणि पलीकडे युगांडात तेल उतरवायची सोय नव्हती, म्हणून वर्षानुवर्षं नुसती उभी राहिली. बंदर दुरुस्त करायला घेतलं, तेव्हा रेल्वेच्या जमिनीवर पोट भरणाऱ्यांचे गाळे पाडले. दार मोठं केलं आणि दारात बसणाऱ्या बाईला उठवलं! नवी मोठी रेल्वे २०१९ मध्ये नैवाशापर्यंत आली आणि तिथेच अडली. शहर चाललं ते कुणावर? पहाटे दुंगाच्या किनाऱ्यावर मासे घ्यायला येणाऱ्या बायकांवर, रविवारच्या किबुयेच्या बाजारावर, आणि बोडाबोडावर.

मामा : बोडाबोडा म्हणजे ती भाड्याची मोटारसायकल.

भाची : हो. आधी सायकली होत्या. केनिया-युगांडाच्या सीमेवर दोन चौक्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यातून माणसं न्यायचे, ‘बॉर्डर, बॉर्डर’ ओरडायचे, त्याचं झालं बोडाबोडा. किसुमूत सायकलच्या मागच्या गादीवर बसून सगळं शहर फिरायचं. २००८ मध्ये केनियाने लहान मोटारसायकलींवरचा कर उठवला आणि सायकली मागे पडल्या. आता रस्त्यात उभं राहून बघ, निम्म्या गाड्यांवर बॉक्सर लिहिलेलं. तुझ्या घरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर वाळूजला बजाजचा कारखाना आहे, तिथून गाड्या आफ्रिकेला जातात. मी बोडावाल्याला सांगायचे, ही गाडी माझ्या मामाच्या गावची. तो म्हणायचा, मग मामाला सांग, गाडी दणकट आहे.

मामा : गाडी दणकट असेल, हाडं दणकट नसतात. तीन-तीन माणसं मागे, डोक्याला काही नाही. बोडावर पडून पाय मोडलेल्यांनी तिथली रुग्णालयं भरतात, हेही वाचलंय मी. रेल्वेची एक गाडी हजार माणसांना सुखरूप नेते. सुटी सुटी पोरं रस्त्यावर सोडून त्याला वाहतूक म्हणायचं?

भाची : धोका आहे, मी नाकारत नाही. पण रात्री दोन वाजता बाळंतीण घेऊन रेल्वेचा डबा न्यालेंडा वस्तीच्या गल्लीत येत नाही. तिथे तो पोरगा येतो. आणि शहराने शहाणपणाचं एक काम केलंय. २०२२ च्या मे महिन्यात आफ्रिकेतल्या शहरांची आफ्रिसिटीज परिषद किसुमूत भरली, त्या सुमारास मधल्या रस्त्यांवर रुंद पदपथ केले, सायकलींना जागा दिली. राजधानी नसलेल्या आणि फार मोठ्याही नसलेल्या शहरात ती परिषद पहिल्यांदा भरली. पायी चालणारा माणूस तिथे बहुसंख्य आहे. त्याच्यासाठी रस्ता, ही माझ्या मते खरी वाहतूक.

मामा : बरं, चालायला रस्ता दिलास. खायला काय? तू म्हणशील, पर्यटन.

भाची : का म्हणू नको? केनियाला येणारा पाहुणा मासाई मारा बघतो, मोंबासाचा किनारा बघतो आणि परत जातो. किसुमू त्याच्या वाटेवरच नाही. दुंगाला पपायरसचं दलदलीचं रान आहे. त्या रानाशिवाय कुठेही न राहणारे पक्षी तिथे दिसतात. गावातलीच मुलं बोट वल्हवत नेतात, पक्ष्यांची नावं तीन भाषांत सांगतात. संध्याकाळी पाणघोडे कान बाहेर काढतात. बोंडोच्या रस्त्यावर कित मिकायी आहे, एकावर एक रचल्यासारखे प्रचंड खडक. नावाचा अर्थ पहिल्या बायकोचा दगड. तिथे लोक अजून प्रार्थनेला जातात. न्देरे बेट आहे, रुसिंगावर म्बोयाची समाधी आहे. कोगेलोला बराक ओबामांच्या वडिलांचं घर आहे. किसुमूच्या वस्तुसंग्रहालयात आख्खं लुओ घरकुल बांधून ठेवलंय. पहिल्या बायकोची झोपडी कुठे, मुलाची कुठे, सगळं जागच्या जागी.

मामा : मला पर्यटनाची भीती वाटते ती वेगळ्या कारणाने. पाहुणा आला तर पैसा, नाही आला तर उपास. २०२० मध्ये जगभर काय झालं ते पाहिलंस. आणि माणूस आपलं जगणं विकायला बसला की ते जगणं बिघडतं. वेरूळच्या पायथ्याशी माळा विकणारी पोरं मी लहानपणापासून बघतोय. लेणी जगप्रसिद्ध, पोरं तिथेच. बंदरातल्या माणसाला निदान महिन्याचा पगार असतो, मजूर संघटना असते.

भाची : हे तू बोललास ते मनाला लागलं. दुंगातही हीच काळजी आहे. म्हणून तिथल्या वाटाड्यांनी आपली संघटना केली. पण मासेमारी एकटी आता पुरत नाही, म्हणून ते पर्यटनाकडे वळले, हे लक्षात घे. पन्नासच्या दशकात साहेबांच्या राज्यात नाइल पर्च नावाचा मोठा मासा सरोवरात सोडला. ऐंशीच्या दशकात तो इतका वाढला की सरोवरातल्या माशांच्या शेकडो लहान जाती संपल्या. त्याचे तुकडे बर्फात घालून युरोपला गेले, आणि काठावरच्या बायकांना उरला सांगाडा, तो तळून विकायला. आता तोही कमी झालाय. बाजारात चीनमधून आलेला गोठवलेला तिलापिया मिळतो. सरोवराच्या काठावर, मामा!

मामा : आणि बोटी कुणाच्या?

भाची : पुरुषांच्या. मासे मात्र बायका विकतात. मासा हवा तर बोटवाल्याची मर्जी सांभाळायची, आणि ती मर्जी पैशावर भागत नाही. काही किनाऱ्यांवर बायकांनी मिळून स्वतःच्या बोटी घेतल्या, ते एवढ्यासाठी. २०२० मध्ये सरोवराचं पाणी चढलं आणि त्यातली काही गावं बुडाली. तरी मी तिथे बायकांना ओमेना पसरताना बघायचे. चांदीच्या काडीसारखे बारीक मासे, जाळ्यांवर उन्हात वाळत घातलेले. गरिबाचं जेवण तेच, मक्याच्या उगालीबरोबर.

(इथे दोघंही थोडा वेळ गप्प झाले. मी चहा टाकला.)

मामा : एक विचारतो. तू पाणी तपासत होतीस. पाणी कसं आहे?

भाची : आखात उथळ आहे. शहराचं सांडपाणी, शेतातलं खत, सगळं त्यात उतरतं. म्हणून जलपर्णी माजते. नव्वदच्या दशकात ती आखातात फार पसरली होती. भुंगे सोडून ती बरीच हटवली, पण वारा फिरला की हिरवी चटई पुन्हा येते. मग कोळ्याची होडी बाहेर पडत नाही. आणि तुझी ‘उहुरू’सुद्धा धक्क्याला लागत नाही.

मामा : पाण्याला बाहेर वाट नाही का?

भाची : दोन वाटा आहेत मोठ्या सरोवराकडे. त्यातली एक रुसिंगा बेटाशी, म्बिताला. ऐंशीच्या दशकात बेटाला जोडायला तिथे भराव घालून रस्ता केला. फेरीची गरज संपली, लोक खूश झाले. पण पाण्याची वाट बुजली. आखात साचलं.

मामा : मोरी ठेवली नव्हती?

भाची : पाणी मोकळं वाहील अशी नाही.

मामा : अगं, भराव घालायचा तर आधी पाण्याला वाट ठेवायची, हे आमच्या साध्या गँगमनला कळतं. मोरी बुजली की पहिल्या पावसात रूळ वाहून जातो.

भाची : ते कळायला तीस वर्षं लागली. २०१७ मध्ये तिथे पूल झाला. रस्ताही राहिला आणि खालून पाणीही जायला लागलं.

मामा : मग तुझं म्हणणं मला मान्य आहे, पण माझंही सोडत नाही. बंदर हवं, रेल्वे हवी, कारण चार लाख माणसांचं शहर नुसत्या बाजारावर आणि पाहुण्यांवर जगणार नाही. पण तिथे कुठलंही काम काढताना पहिला प्रश्न मोरीचा. पाण्याला वाट आहे का? बाजारात बसणाऱ्या बाईला वाट आहे का?

भाची : आणि मी हे मान्य करते की पगार देणारं काम नसेल तर दुंगाची मुलं नैरोबीला जातील, जशी त्यांची पणजोबा मंडळी मोंबासाला गेली. पण आधी पाणी, मामा. बोट, मासा आणि पाहुणा, तिघंही त्याच पाण्यावर येतात.

भाऊ दिवेलागणीला निघाला. दोघांचं सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. बोडाबोडावरून दारात चपला घालतानाही त्यांचं चालूच होतं. पण ऐकता ऐकता माझं मत बनलं ते असं : किसुमूच्या सव्वाशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी तिथे मोठं काम काढलं, त्यांनी ते शहर पलीकडे जायचं दार म्हणून पाहिलं, युगांडाचं, लंडनचं, युरोपच्या माशाच्या बाजाराचं. पलीकडच्या धनी लोकांची गरज संपली की दार बंद पडलं, आणि प्रत्येक वेळी काठावरच्या माणसांनी आपल्या बाजारावर शहर तगवलं. म्हणून तिथे आता जे काही बांधायचं ते या माणसांना विचारून, आणि सरोवर साफ करण्यापासून सुरुवात करून. म्बिताचा भराव काढून तिथे पूल बांधता आला, तर हेही करता येईल.